मासा आला नाही

"नाही. आमच्याकडून असं कुठलंही उत्तर गेलेलं नाही," ती फोनवर म्हणाली. वाक्य सरळ निघालं, कुठे अडखळलं नाही, आणि तिला नवल वाटलं ते त्याचंच. खोटं बोलताना घशात काहीतरी अडकतं, कान तापतात, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. काही झालं नाही. टेबलावरचा पंखा फिरत होता, पेनाचं टोपण तिच्या डाव्या हातात होतं, आणि पलीकडे पंपघराचा चालक होता. सगळं पाणीपुरवठा महामंडळ त्याला भोंगा म्हणायचं. उभा जन्म पंपांच्या गोंगाटात काढल्यामुळे त्याला हळू बोलताच येत नसे. साधं 'बसा' म्हणाला तरी समोरचा दचकून उभा राहायचा. आता तो बायकोच्या फोनवरून बोलत होता, कारण त्याचा स्वतःचा चौकशीवाल्यांनी ठेवून घेतला होता. "तेवढंच विचारायचं होतं, मॅडम," तो म्हणाला. "म्हणजे ती शाबासकीपण नकलीच. मला तीच शंका होती. घरातली म्हणते, तुम्हाला मॅडमनी शाबासकी द्यायला तुम्ही कोण एवढे लागून गेलात?" तो हसला. हसणंही भोंग्यासारखंच, तिने फोन कानापासून जरा लांब धरला. "बरं झालं सांगितलंत. डोक्यात किडा वळवळत होता, तो गेला. चूक माझीच, दोनदा फसलो. उद्याचं उद्या बघू. तुम्ही काळजी करू नका." फोन बंद झाल्यावर हे शेवटचं वाक्य खोलीत राहिलं. काळजी करू नका, असं तो तिला म्हणाला होता.

टेबलावर तिचं निवेदन पडलेलं होतं, खाली तिचा हुद्दा टंकलेला: सायबर सुरक्षा जागरूकता अधिकारी. हुद्द्याच्या वर सहीपुरती मोकळी जागा. उद्या सकाळी चौकशी समिती पुन्हा बसणार होती आणि भोंग्याला बडतर्फ करायचं की नाही ते ठरवणार होती. खरं तर ठरलेलंच होतं, फक्त ठरवायचं राहिलं होतं. बडतर्फी म्हणजे पेन्शन जाणार, पंपघराच्या आवारातल्या दोन खोल्या जाणार. निवेदनात तिने लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. संशयास्पद मेल कळवण्याची सोय उपलब्ध होती. संबंधित कर्मचाऱ्याने प्रशिक्षण पूर्ण केले होते. संबंधित कर्मचाऱ्याने जोडलेली फाइल स्वतः उघडली. ही वाक्यं ती सकाळपासून पुन्हा पुन्हा वाचत होती. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती, सगळं गुळगुळीत होतं.

त्या फाइलीतून जे आत शिरलं त्याने एका दुपारी महामंडळाचे सगळे संगणक कुलूपबंद केले. आधी बिलांचे, मग कार्यालयाचे, मग जे कधीच बंद पडायला नको होते ते, शहरभरच्या पंपांचे आणि झडपांचे. पडद्यांवर परक्या भाषेतली खंडणीची मागणी आली आणि तशीच राहिली. पंप बंद पडले. पूर्वी असं काही झालं की हाताने झडपा फिरवणारी माणसं असायची. कुठली झडप कुठल्या गल्लीत जमिनीखाली आहे, कुठलीला अर्धा फेरा जास्त लागतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं. पण नव्या प्रकल्पात झडपा आपोआप फिरू लागल्या तेव्हा ही माणसं 'अतिरिक्त' ठरली, कुणी घरी गेलं, कुणाची बदली बिल वाटण्याच्या कामावर झाली. आता त्यांना शोधून, विनवून आणावं लागत होतं. शहरात टँकर फिरत होते. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई भरलेल्या बादलीसकट जिन्यात पडली, कंबरेचं हाड मोडलं. तिला उचलून नेलं तेव्हा जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरत होतं, आणि दोन शेजारणी पडलेल्या बाईकडे बघता बघता नकळत त्या पाण्याकडेही बघत होत्या. ते तिने पाहिलं होतं. स्वतःही ती पाण्याकडेच बघत होती.

मासा तिचाच. पाच वर्षांपूर्वी जागरूकता कक्ष सुरू झाला तेव्हा कक्ष म्हणजे ती, एक टेबल आणि जिन्याखालची ही खोली. माणसांना सावध कसं करायचं, हा प्रश्न तिने मनावर घेतला होता. भिंतीवरचे फलक कुणी वाचत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिने नकली मेल लिहायला सुरुवात केली. 'आपली रजा नामंजूर झाली आहे, कारणासाठी फाइल उघडा.' 'कार्यालयीन छायाचित्रात आपण कसे दिसता ते पाहा.' उघडणाऱ्याच्या पडद्यावर एक चित्र यायचं: गळाला लागलेला, डोळे वटारलेला, जरा तिच्या मोठ्या साहेबांसारखा दिसणारा मासा, आणि खाली 'सापडलात!' हा मासा तिने स्वतः काढला होता. महामंडळात त्याने धमाल उडवली. माणसं एकमेकांना विचारू लागली, काय, आज मासा खाल्लास का? हिशेब विभागातल्या एका बाईंनी तर तो पडद्यावर कायमचा लावून ठेवला, म्हणाल्या, नवऱ्यापेक्षा बरा दिसतो. आणि जो फसायचा नाही, जो मेल न उघडता तिच्याकडे पाठवून द्यायचा, त्याला तिचं उत्तर जायचं: 'शाबास! ही आमचीच चाचणी होती. तुम्ही सावध आहात.' पहिल्या वर्षी प्रत्येक शाबास तिने स्वतः लिहिली. कोणाला काय आवडेल ते बघून पुढे एखादं वाक्य जोडलं. माणसं ती उत्तरं छापून टेबलाच्या काचेखाली ठेवत. एवढ्या मोठ्या महामंडळात कुणाला शाबास म्हणायची पद्धतच नव्हती, हे तिला तेव्हा कळलं.

पंपघरावर ती शिकवणी घ्यायला गेली ते त्याच वर्षी. यंत्रांच्या मधोमध, काचेची केबिन, समोर खुर्च्यांवर निळ्या डगल्यातली पंधरावीस माणसं. तिचा आवाज कुणालाच पोचत नव्हता. शेवटी भोंगा उठला आणि तिचं एकेक वाक्य मोठ्याने परत सांगू लागला. "मॅडम म्हणतायत, ओळखीच्या माणसाच्या नावानं आलं म्हणून ओळखीचं समजू नका!" "मॅडम म्हणतायत, फोनवर कुणी मी अमुक म्हणालं तर खूण विचारा!" तिने पडद्यावर सर्वांसमोर नकली मेल उघडून दाखवला, मासा आला, माणसं खदखदून हसली. "बघा," ती म्हणाली होती, आणि भोंग्याने ओरडून सांगितलं होतं, "मॅडम म्हणतायत, बघा!" मग शिकवणी झाल्यावर त्याने तिला पंपांपाशी नेलं. खिशातून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक धडधडत्या लोखंडावर टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली. एकदम बाहेरचा गोंगाट नाहीसा झाला. आत काहीतरी खोल, संथ, येत जात होतं. "काय ऐकू येतंय?" त्याने विचारलं. "समुद्र," ती म्हणाली, आणि म्हणून लाजली. त्याने मान डोलावली. "समुद्र ऐकू आला तर बेअरिंग ठीक. कुणी रडतंय असं वाटलं की पंप बंद करून मला बोलवायचं. हे तुमच्या शिकवणीत घालू नका हां, नाहीतर उद्या याचीपण परीक्षा घ्याल." त्या गोंगाटात हे बोलणं दोघांशिवाय कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. परत येताना गाडीत ती कानाला हात लावून बसली होती.

मग प्रकल्प आला. त्याचं नाव काही असलं तरी सगळे त्याला 'बदल' म्हणत. बदल आल्यावर बघू, बदल झाला की होईल, ते आता बदलवाल्यांना विचारा. भिंतींवर नव्या पाट्या लागल्या, 'बदल आपला, भविष्य आपलं', आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दुसऱ्या 'आपलं'च्या जागी 'त्यांचं' लिहिलं. नव्या यंत्रणेबरोबर सुरक्षेचं कामही बाहेरच्या कंपनीकडे गेलं. नकली मेल आता ती कंपनी पाठवणार होती. कधी, किती, कुठल्या मजकुराचे, हे तिलाही सांगायचं नाही असं ठरलं, कारण तिचीही चाचणी व्हायला हवी. तिच्याकडे राहिलं ते फक्त उत्तर देण्याचं काम. कुणी मेल कळवला की तो कंपनीच्या पानावर जाऊन ताडून बघायचा, चाचणी असेल तर शाबास म्हणायचं, नसेल तर धोक्याची घंटा वाजवायची. ते पान उघडायला फार वेळ लागायचा. गोल फिरत राहायचं, फिरत राहायचं. आणि कंपनी काम दाखवायला रोज उठून मेल पाठवू लागली. माणसं आधीच घाबरलेली; बदलात कोण राहणार, कोण जाणार, याच्या कुजबुजी जिन्यात, मुतारीत, लिफ्टमध्ये. घाबरलेला माणूस सगळंच कळवतो. साहेबांचा खरा मेलसुद्धा कळवतो. तिची मेलची पेटी ओसंडून वाहू लागली. मग कंपनीच्या तरुण सल्लागाराने तिला एक बटण करून दिलं. "मॅडम, शाबासचं. क्लिक केलं की गेलं. तुम्ही एवढं टाइप करत बसता, बघवत नाही." तो भला पोरगा होता. बटण हिरवं होतं, त्यावर छोटा अंगठा होता.

भोंग्याने कळवलेला मेल कोणत्या दिवशी आला ते तिला आठवत होतं, कारण त्या दिवशी जुन्या यंत्रणेतून नवीत जाण्याची अखेरची तयारी चालू होती आणि कुणीतरी तिच्या खोलीचा दिवाही काढून नेला होता. विषय होता 'नव्या यंत्रणेतील पाळ्या व कमी होणारी पदे'. तिने तो विषय वाचला होता. एवढंच नव्हे, हा मेल चांगला लिहिलाय, असं तिच्या मनात आलं होतं. कंपनी आता सुधारली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माणसाच्या भीतीवर नेमकं बोट ठेवलं, आपण लिहिला असता तर असाच लिहिला असता. कारागिराला दुसऱ्या कारागिराबद्दल वाटते तशी दाद तिने मनातल्या मनात दिली. पान उघडलं नाही. हिरवं बटण दाबलं. नंतरच्या सगळ्या दिवसांत तिने स्वतःला जे जे समजावलं, कामाचा ताण, अंधार, फिरतं गोल, ते सगळं या एका जागेवर येऊन फुटत होतं. तिने निष्काळजीपणाने पाहिलं नव्हतं. तिने नीट पाहिलं होतं, आणि तो तिला आवडला होता.

भोंग्याला शाबास मिळाली. शाबास मिळाली म्हणजे मेल चाचणीचा, चाचणीचा म्हणजे आत मासा. पाळीवरच्या दोघा नव्या माणसांनी मासा पाहिलेला नव्हता. त्याने त्यांना पंपांच्या संगणकापाशी बोलावलं आणि तिच्यासारखंच म्हणाला, बघा. त्याने समितीला हे जसंच्या तसं सांगितलं होतं, त्याच आवाजात, इतक्या मोठ्याने की बाहेर बाकावर बसलेल्या तिलाही दारातून ऐकू आलं. "उघडली साहेब मीच. नाही म्हणत नाही. पण मासा आला नाही." आत कुणीतरी विचारलं, मासा कसला? आणि मग हशा झाला. तिची साक्ष त्या दिवशी झालीच नाही, निवेदन लेखी द्या म्हणाले. शाबास मिळाली होती याला पुरावा काय, असं त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की ती त्या संगणकात आहे. संगणक कुलूपबंद होता. तिची पेटी जुन्या यंत्रणेत होती, तीही कुलूपबंद, आणि कार्यालयाचा मेल खासगी फोनवर घ्यायचा नाही हा नियम तिनेच केलेला. म्हणजे ती शाबास आता दोनच ठिकाणी उरली होती, त्याच्या डोक्यात आणि तिच्या. आणि त्याच्या डोक्यातली तिने आज दुपारी फोनवर पुसून टाकली होती.

साहेब स्वतः खाली आले. प्रकल्प संचालक, एरवी जिन्याखालच्या या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. थकलेले दिसत होते, दाढी वाढली होती, हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली. "झालं का, बाई?"

"वाचतेय."

"अहो, कितीदा वाचाल? घराचं खरेदीखत आहे का? एकतरी वाक्य खोटं आहे का त्यात, दाखवा मला."

"नाही, खोटं नाही."

"मग?" ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. "ते शाबास-बिबास काय म्हणतोय तो? गेली होती का तशी?"

एवढ्या सगळ्या दिवसांत हा प्रश्न कुणीतरी तिला सरळ विचारावा याची ती वाट बघत होती. विचारला की आपण सांगू, अशी तिने स्वतःशी बोली केली होती. विचारला तो आता, आणि एका तासापूर्वीच हेच उत्तर तिच्या तोंडातून एकदा बाहेर पडून गेलेलं होतं. वाट मळलेली होती. "नाही," ती म्हणाली.

"बरं." साहेब बाटलीतलं पाणी प्यायले, मग त्यांनी बाटली तिच्यापुढे केली. "घ्या. सकाळपासून काही घेतलेलं दिसत नाही." ते वाईट नव्हते. वर मंत्रालयातून त्यांना रोज फोन येत होते की शेवटी चूक कोणाची, एक नाव द्या. ते जाता जाता म्हणाले, "बदल करायचा म्हणजे कुठेतरी भेग पडतेच. आपल्या हातात एवढंच, की ती एकाच माणसाशी थांबावी." तिने सही केली. सही नेहमीसारखीच आली, शेवटच्या अक्षराची शेपटी जरा वर उडालेली.

बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीतून टँकरपुढच्या रांगा दिसत होत्या, माणसांच्या नव्हेत, बादल्यांच्या. माणसं बाजूला भिंतीला टेकून फोन बघत होती आणि बादल्या त्यांच्या वतीने उभ्या होत्या, निळ्या, लाल, एक लहान मुलाची आंघोळीची. बस सिग्नलला थांबली तेव्हा तिला वडिलांच्या हातांची आठवण आली. वडील गॅसच्या कारखान्यात तपासनीस होते. भरलेली टाकी पट्ट्यावरून पुढे आली की तिच्या तोंडाला ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का पाहायचं. नाही आला तर खडूची रेघ. दिवसभर, वर्षानुवर्षं. त्यांचे हात सदा धुतलेले, सुरकुतलेले, साबणाच्या वासाचे. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, एवढ्या टाक्या बघून बघून कंटाळा नाही का येत? ते म्हणाले होते, "येतो ना. कंटाळा आला की मी थांबतो. पट्टा थांबवायची दोरी असते, ती ओढतो. मुकादम शिव्या घालतो. मग डोळे धुऊन येतो." तेव्हा तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता तिला वाटलं की दोरी ओढणं हेच त्यांचं काम होतं, साबण लावणं कुणीही केलं असतं. आणि लगेच तिला आपल्या या विचाराची चीड आली. सही करून आल्यावर असले विचार स्वस्त असतात.

आता वडील तिच्याजवळ राहत होते. आई गेल्यापासून त्यांच्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. मागच्या वर्षी त्यांना एक फोन आला, बाबा, मी बोलतेय, अपघात झालाय, आवाज हुबेहूब तिचा. ते चपला न घालता बँकेत निघाले होते, शेजाऱ्याने अडवलं. त्यानंतर तिने त्यांना खूण शिकवली. फोनवर असो की दारात, आधी विचारायचं: आईच्या शिवणयंत्राचा रंग कोणता? यंत्र खरं तर काळं होतं, पण खरं कुणालाही शोधून काढता येतं, म्हणून उत्तर ठरलं होतं 'हिरवा'. महिनाभर तिने त्यांच्याकडून ते घोकून घेतलं होतं. ते वैतागायचे. "तुझ्या आईला हे ऐकून काय वाटलं असतं? हिरवं म्हणे! किती जपायची ती त्याला."

जिन्यात शिवणकामवाल्या बाईच्या दाराला कुलूप होतं. वर येऊन तिने बेल वाजवली. किल्ली पिशवीत होती, पण आत वडिलांनी कडी लावलेली असायची. पावलं घासत दाराशी आली. "कोण आहे?"

"मी आहे, बाबा."

"मी कोण? आईच्या मशीनचा रंग सांग."

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच थांबली. दिवसभराचा थकवा होता, आणि चाचणी घ्यायची जुनी खोडही होती. "पांढरा," ती म्हणाली.

"बरोबर," वडील म्हणाले. "शाबास." कडी सरकली.

दारात ते उभे होते, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, चेहऱ्यावर काम चोख बजावल्याचं समाधान. विचारायचं तेवढं त्यांना आठवत होतं. उत्तर काय यायला हवं ते गेलं होतं, आणि गेलंय हेही त्यांच्या गावी नव्हतं. किती दिवसांपासून? ती रोज 'हिरवा' म्हणत आली, ते रोज दार उघडत आले, आणि ती निर्धास्त होती. कुणीही काहीही म्हणून आत येऊ शकलं असतं. "अशी काय बघतेस?" ते म्हणाले. "विचारलं ना मी? विसरलो नाही." तिने त्यांची बटणं नीट लावली. त्यांच्या हातांना आता कसलाच वास नव्हता. ते आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले, आणि ती चपला न काढता तशीच दाराशी उभी राहिली, पाठीमागे दार उघडं, आणि दुपारच्या त्या नंबरावर तिने फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग त्याच्या बायकोचा आवाज आला, मग काहीतरी घासल्यासारखं झालं आणि भोंगा बोलला. "कोण?"

"मी जागरूकता कक्षातून. मॅडम बोलतेय." ती भरभर बोलू लागली, थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून. "ते उत्तर माझंच होतं. शाबासचं. मी ताडून न बघता पाठवलं. तुम्ही बरोबर कळवलं होतंत. तुमची काही चूक नाही."

पलीकडे बादल्या हलवल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "हे बघा बाई, तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. मॅडमचं आणि माझं दुपारी बोलणं झालंय. त्या नाही म्हणाल्या. तपासून नाही म्हणाल्या. आता तुम्ही त्यांच्या आवाजात हो म्हणताय. उद्या माझी चौकशी, आज बरोबर असा फोन. मी दोनदा फसलो, तिसऱ्यांदा नाही."

"अहो, मीच आहे."

"मॅडमनीच शिकवलंय आम्हाला. मी अमुक म्हटलं की खूण विचारायची." आवाज चढला होता. त्यात राग नव्हता, शिकलेलं नीट म्हणून दाखवण्याची धडपड होती. "सांगा खूण."

आतल्या खोलीतून वडील विचारत होते, कोण आलंय. ती दाराच्या चौकटीला टेकली. हे सांगितलं की मग मागे फिरायला जागा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. अजून जागा आहे. आता फोन ठेवला तर तो उद्या घरच्यांना सांगेल, काल पुन्हा एक नकली फोन आला होता, मी नाही फसलो. "तुम्ही स्क्रूड्रायव्हर पंपाला टेकवला होतात," ती म्हणाली. "मूठ माझ्या कानाला लावलीत. काय ऐकू येतंय विचारलंत. मी म्हणाले, समुद्र."

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो बोलला तेव्हा आधी तिला वाटलं फोन दुसऱ्याच कुणी घेतलाय, कारण भोंग्याला इतकं हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हीच."

"हो."

"म्हणजे दुपारीही तुम्हीच होतात."

तिने नुसती मान हलवली, फोनवर, उघड्या दारात. मग म्हणाली, "उद्या सकाळी मी येते. सही झालीय, पण समितीपुढे उभी राहून सांगते सगळं. नक्की सांगते."

वाक्य सरळ निघालं, कुठे अडखळलं नाही. दुपारचंही असंच निघालं होतं, हे तिला ऐकू आलं, आणि त्यालाही आलं असणार.

"कशावरून?" त्याने विचारलं.

याची खूण त्यांच्यात ठरलेली नव्हती. आत वडील खुर्चीतून उठले होते, भिंतीला धरून एकेक पाऊल दाराकडे येत होते आणि विचारत होते, कोण आहे, अगं कोण आहे, रंग विचारलास का?